दोन ठोके

मारोतराव लांजेवार जमिनीवर अगदीच बावळे दिसत. ऑफिसच्या उंबऱ्याला त्यांचा पाय दर खेपेला अडखळायचा. भनपुरीचा तो ट्रकांचा रस्ता ओलांडायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. माझ्या पर्सचा पट्टा मागून धरून ते यायचे आणि पलीकडे पोचलो की कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं इकडेतिकडे बघत तो सोडून द्यायचे. आणि हाच माणूस चाळीस फुटांवर, वीतभर रुंदीच्या लोखंडावरून असा चालायचा की वाटावं, तुळशीला पाणी घालायला अंगणात निघाला आहे.

मी रायपूरच्या भनपुरीतल्या एका कारखान्यात लोखंडी शेडची ड्रॉइंगं काढते. कोणता खांब किती लांब, कोणतं भोक कुठे, हे मी संगणकावर काढायचं, यार्डात त्याप्रमाणे लोखंड कापून तयार व्हायचं, आणि साइटवर मारोतराव आणि त्यांची टोळी ते उभं करायची. बारा वर्षं असं चाललं. "पोरगी काढते ती रेघ शेवटी माह्या बुडाखाली येते," असं ते चारचौघांत सांगायचे आणि मला लाजवायचे.

त्यांचे वडील तुमसरकडून रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आलेले. माझे आजोबाही असेच, नागपूरकडून. आम्हां इथल्या मराठी लोकांचं एक असतं. दिवसभर हिंदीत सगळे व्यवहार करायचे आणि आपलं माणूस दिसलं की एकदम मले-तुले सुरू करायचं. यार्डात मी सगळ्यांची दीदी होते, चारचौघांत त्यांचीही. पण आजूबाजूला कोणी नसलं की "पोरी" म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, माझं ड्रॉइंग पसरलं, खाली वाकून पायांतले दोन्ही बूट काढले आणि त्या ड्रॉइंगवर ठेवले. चिखलाचे बूट, माझ्या पांढऱ्याशुभ्र कागदावर. मी चिडलेच.

"उजवा कोणता?" त्यांनी विचारलं.

मी दाखवला.

"डावा?"

तोही दाखवला.

"आन तुनं काय काढलं, पाह्य." त्यांनी बोट ठेवलं. बीमच्या दोन टोकांना ज्या पट्ट्या जोडायच्या त्या एकमेकींच्या उलट हव्या होत्या. मी दोन्ही सारख्याच काढल्या होत्या. "दोन्ही बूट उजवेच केले पोरी तुनं. आता मी चालू कसा?"

सोळा बीमांना भोकं पाडून झाली होती. नोकरीला चार महिनेही झाले नव्हते. मारोतरावांनी बूट पायात घातले, मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सांगितलं की यार्डाला समजावताना कागद त्यांनी स्वतःच उलटा धरला होता. मॅनेजर त्यांना अर्धा तास बोलत होता. बाहेर आले तेव्हा मी रडवेली उभी होते. म्हणाले, "मले बोलले तर मी वर चढून जातो, मंग काही ऐकू येत नाही. तू कुठं चढशीन?"

त्या दिवसापासून मी त्यांची ऋणी झाले. पुढे जे झालं त्याचं मूळ या ऋणातच आहे, असं मला आता वाटतं.

मारोतरावांच्या सवयी विचित्र होत्या. तंबाखूची डबी खालीच, पाण्याच्या टाकीवर ठेवून वर जायचे. वर तोंड रिकामं पाहिजे, हा नेम. चढण्याआधी खांबाला हात टेकवून दोन घटका उभे राहायचे. लोक म्हणत, मिस्त्री पूजा करतो. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "पूजा कायची, कसा आहे ते विचारून राहिलो." कागद वाचता यायचा, पण इंग्रजी नाही, म्हणून माझ्या ड्रॉइंगवरची अक्षरं ते चित्रासारखी ओळखायचे. बी-बारा हा बीम त्यांच्या लेखी "पोट पुढं काढलेला बारा" होता.

आणि त्यांच्याबरोबर नेहमी बिसाहू. अभनपूरच्या पलीकडच्या गावचा, काटक, हसला की अर्धे डोळे मिटणारा. बीम चढवायचा तर दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि अठरा वर्षं एका टोकाला मारोतराव, दुसऱ्या टोकाला बिसाहू. जेवणही एकत्रच. बिसाहूच्या डब्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, बासी, सोबत कांदा. मारोतरावांच्या डब्यात पोळी आणि ठेचा. पहिल्या दोन घासांनंतर डबे बदलले जायचे, कोणी काही न बोलता. दर मंगळवारी बिसाहू गावाहून येताना चेंच भाजीची जुडी आणायचा, मारोतरावांच्या घरी द्यायला. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ती भाजी सुरुवातीला आवडत नसे. पुढे मंगळवारी दुसरं काही रांधलं तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं.

या दोघांची एक भाषा होती. वर बोलून उपयोग नसतो. खाली ग्राइंडर किंचाळत असतात, जनरेटर धडधडत असतो, वर वारा. कंपनीनं वॉकीटॉकी दिले होते, त्यांतून खरखर तेवढी यायची. म्हणून ही दोघं लोखंडावर ठोके द्यायची. बोल्ट कसायचा पाना असतो, दुसऱ्या टोकाला निमुळता, भोकात घालून भोक जुळवायला. त्याला पोडगर म्हणतात. त्या पोडगरनं बीमवर एक ठोका दिला तर थांब. लागोपाठ दोन दिले तर माझा बोल्ट बसला, सोड. बिसाहूचे दोन ठोके आले की मारोतराव हात वर करून क्रेनवाल्याला खूण करायचे आणि बीम उचलून धरणारा क्रेनचा पट्टा ढिला व्हायचा.

"पण ऐकू कसं येतं एवढ्या गोंगाटात?" मी एकदा विचारलं.

त्यांनी मला यार्डात नेलं. चाळीस फुटांचा एक बीम जमिनीवर आडवा होता. एका टोकाला माझा तळहात टेकवून घेतला. "कान बंद कर," म्हणाले. मी बोट घातलं एका कानात, दुसरा खांद्यावर दाबला. पलीकडच्या टोकाला बिसाहूनं हळूच ठोकलं, आणि माझ्या तळहातात काहीतरी टिचकन उमटलं. मग पुन्हा, लागोपाठ दोन. मी हसले तेव्हा मारोतरावांना केवढा आनंद झाला. "माणूस खोटं बोलते," ते म्हणाले, "लोखंडाले नाही जमत."

तेव्हापासून मलाही खोड लागली. साइटवर गेले की खांबाला तळहात लावून उभी राहायची आणि वर त्या दोघांचं काय बोलणं चाललंय ते ऐकायची. नसते उद्योग, पण मला फार आवडायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या गोदामाचं काम चालू होतं. रायपूरच्या मे महिन्यात लोखंडाचं काम पहाटेच सुरू करतात. दहा वाजता बीमला हात लावायची सोय उरत नाही. त्या दिवशी अकरा वाजले तरी एक पट्टी बदलायची राहिली होती. मारोतराव खाली, उन्हात पडलेल्या ढिगातून ती शोधत होते. शोधता शोधता बोलत होते माझ्याशी, पट्टी हातात धरून. मला करपट वास आला. त्यांचा हात पाहिला तर तळव्याची कातडी फुगून पांढरी पडली होती.

"भाऊ, हात भाजून राहिला तुमचा."

त्यांनी हाताकडे पाहिलं. आधी पाहिलं, मग पट्टी टाकली. हा क्रम मी विसरू शकत नाही.

पाण्याच्या टाकीमागे नेऊन मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं. ते लहान मुलासारखे हात पुढे करून बसले होते. तीस वर्षं ग्राइंडर धरून, यंत्रानं बोल्ट कसून बोटं आधी पांढरी पडायला लागली, मग मुंग्या, आणि आता दीड वर्ष तळव्यांना काहीच कळत नव्हतं. घरी काकूंना सांगितलं होतं, थंडीनं होतं.

"मग ठोके?" मी विचारलं.

त्यांनी हात मागे घेतला.

"भाऊ, ठोके कसे समजतात तुमाले?"

"त्याचा कोपर पाहतो," ते म्हणाले. "अठरा वर्षं तोच कोपर पाहून राहिलो. दोनदा हालला का समजते."

"सांगा ऑफिसात. खाली काम देतील तुमाले. यार्डात शिकवा पोट्ट्यांना."

"आन बिसाहूले?" ते एकदम तापले. "त्याले दुसरा जोडीदार देतीन. कोणतरी नवा पोट्टा, मोबाइल पाहत बसणारा. बिसाहू ठोकून राहिला थांब म्हणून, आन त्याले समजलंच नाही तं? त्याचा जीव कोणाच्या हातात देऊ मी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे गोदाम होऊ दे. दिवाळीपर्यंत. मंग आमी दोघंही संगंच उतरतो. कोणाले सांगू नको पोरी."

मी नाही सांगितलं. मला त्या चिखलाच्या बुटांची आठवण झाली, मॅनेजरच्या खोलीतल्या अर्ध्या तासाची आठवण झाली, आणि मी तोंड मिटून बसले. उपकार फेडायला मला दुसरी कोणतीही जागा सापडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी वर पाहू लागले तशी एक गोष्ट ध्यानात आली. बिसाहू ठोके देताना कोपर फार वर उचलत होता, गरजेपेक्षा कितीतरी वर. मला तेव्हा वाटलं, वय झालं त्याचंही. एवढं डोळ्यासमोर असून मला अर्थ लागला नाही.

पावसाळा सरला, कामाला वेग आला. तो दिवस मंगळवार होता. बिसाहूची भाजीची जुडी पाण्याच्या टाकीवर, तंबाखूच्या डबीशेजारी ठेवलेली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. मी बिसाहूच्या बाजूच्या खांबापाशी पायथ्याची मापं घेत होते. वर बीम पट्ट्यात लटकत आला, दोघं आपापल्या टोकाला बसले. मारोतरावांच्या बाजूचे बोल्ट बसले. बिसाहूचं भोक जुळत नव्हतं. कंबरेच्या पट्ट्याचा आकडा त्यानं त्या बीमलाच अडकवला होता. आकडा अडकवायचा वेगळा दोर वर अजून बांधायचा होता. मी सवयीनं खांबाला तळहात लावला.

एक ठोका आला. थांब.

मी वाट पाहिली. मग पुन्हा एक. थांब म्हणतोय ना.

मध्ये एक श्वास घेण्याइतकं अंतर होतं. तळहाताला ते स्पष्ट कळत होतं की हे दोन ठोके नाहीत, एक ठोका दोनदा आहे. पण कोपर दोनदाच हलला होता. समोरून ऊन मारोतरावांच्या डोळ्यांवर होतं. त्यांनी हात वर केला.

मी ओरडले. खाली ग्राइंडर चालू होता. पट्टा ढिला झाला, बीमचं ते टोक निसटलं आणि बिसाहू त्याच्याबरोबर. पट्टा पूर्ण सुटला नव्हता म्हणून बीम मध्येच अडकला, पण त्या झटक्यानं बिसाहू खांबावर आदळला. त्याच खांबावर. माझा हात अजून तिथेच होता, आणि तेही मला तळहातातच कळलं.

मारोतराव वरून कसे उतरले, मला आठवत नाही. बिसाहूला गाडीत घालत होते तेव्हा ते बाजूला उभे होते आणि स्वतःचे दोन्ही तळवे पँटवर घासत होते, घासतच होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बिसाहूची बायको सुकवारो उशाशी बसली होती, पदरानं त्याच्या ओठांवरचं पाणी टिपत. बिसाहूनं मला पाहिलं आणि मी काही विचारायच्या आत बोलला. "दू पइत ठोंके रेहेंव, दीदी. दू पइत." दोनदा ठोकलं होतं म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. मी उठायला लागले तसा हळूच म्हणाला, "भैया के हाथ के बात झन निकालबे."

हाताची गोष्ट काढू नको. म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून, देव जाणे. तो कोपर वर उचलायचा तो म्हातारपणामुळे नव्हता. भैयाला दिसावं म्हणून होता. एकाला दुसऱ्याला सोडवत नव्हतं म्हणून तो वर राहिला, आणि दुसरा पहिल्याला उघडं पाडायचं नाही म्हणून. तिसरी मी, खाली उभी. तिघांनाही माहीत होतं आणि तिघांनीही एकमेकांवरच्या मायेपोटी तोंड उघडलं नाही. कारखान्यात कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावते. पण कोणी विचारलं नाही, आणि मीही गेले नाही. क्रेनचा पट्टा सरकला, अशी कागदावर नोंद झाली.

तिसऱ्या दिवशी बिसाहू गेला.

मारोतराव त्यानंतर कामावर आले नाहीत. मी एकदा त्यांच्या घरी गेले, भनपुरीच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. काकूंनी दार उघडलं. आत ते नव्हते. "मंगळवार आहे ना," काकू म्हणाल्या. "मंगळवारी सकायीच निघून जातेत." ओट्यावर चेंच भाजीची जुडी होती. सुकवारो अजून पाठवायची, गावच्या कोणाबरोबर तरी, दर मंगळवारी, नवऱ्यानं लावलेला नेम मोडायचा नाही म्हणून. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. "मी रांधतो," काकू म्हणाल्या, "आन एकटीच खातो. फेकू कशी? त्या बाईनं पाठवली." मग त्या चुलीकडे वळून रडल्या. मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचंही धैर्य झालं नाही.

मारोतरावांना मी शेवटचं पाहिलं ते गोदाम पुरं झाल्यावर. पत्रे चढले होते, रंग झाला होता, यंत्रं, माणसं सगळं निघून गेलं होतं. मी शेवटची मापं तपासायला सकाळी गेले. आत इतकी शांतता होती की स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटत होता. लांब एका खांबापाशी कोणीतरी उभं होतं. तोच खांब. मारोतराव होते. खांबाला त्यांनी गाल लावला होता.

मी जवळ गेले. ते दचकले नाहीत. दाढी वाढली होती, सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

"पोरी, बरं झालं आली," ते म्हणाले. "ठोक बरं. किती ते सांगू नको."

माझ्या पर्समध्ये किल्ल्या होत्या. खांबाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन मी किल्लीनं एकदा ठोकलं.

ते गाल लावून थांबले. बराच वेळ थांबले, दुसरा येतो का ते पाहत.

"एक," ते म्हणाले.

"हो."

"गालाले समजते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "गालाले समजते पोरी. दोन वर्षं मी कोपर पाहत बसलो. वाकून गाल लावला असता त्या बीमले, तं समजलं असतं."

मी किल्ली मुठीत घेऊन त्यांच्या बाजूला आले.

"त्या दिवशी तू इथंच होती. हात लावून. मी वरून पाह्यलं होतं तुले." त्यांनी गाल खांबावरून काढला नाही. "किती होते?"

इतके महिने मी या प्रश्नाला भीत होते. खरं सांगितलं तर हा माणूस इथेच खचेल, आणि बिसाहू मरता मरता जे झाकून गेला ते मी उघडं पाडीन. खोटं सांगितलं तर निदान तेवढं तरी त्यांच्यापाशी राहील. मी जमिनीकडे पाहिलं. नव्या सिमेंटवर त्यांच्या बुटांचे मातीचे ठसे होते, एक डावा, एक उजवा.

"दोन," मी म्हणाले.

ते सरळ झाले आणि बाहीनं गाल पुसला.

"दवाखान्यात बिसाहूही मले दोनच म्हणे," ते म्हणाले. "तोही असाच, खाली पाहून म्हणे."

मी मान वर केली तेव्हा ते निघाले होते. मी हाक मारली नाही. ते गोदामाच्या त्या टोकाकडे चालत गेले, वाटेतल्या एकेका खांबापाशी थांबत, हात टेकवत, पुढे जात. दारातल्या शेवटच्या खांबाशीही थांबले, तळहात लावला आणि तसेच उभे राहिले, चढण्याआधी राहायचे तसे. मी किल्ली घट्ट धरली आणि माझ्या खांबावर, जितक्या जोरानं ठोकता येईल तितक्या जोरानं, लागोपाठ दोन ठोके दिले. बसला, भाऊ. सोडा आता.

त्यांचा तळहात खांबावरच होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.